पचनसंस्था आणि भैरोबाचं बकरं

हिंगणवाडी, जिल्हा सातारा
१० फेब्रुवारी १९४१, सोमवार

आजपासून रोजनिशी. पहाटे उठून लिहायची असं ठरवलं होतं. उठलो साडेसातला. झोप ही मज्जासंस्थेची गरज असते, तिच्याशी भांडून उपयोग नाही.

संकल्प. एक: वरच्या वर्गांना चैत्रापर्यंत सबंध शरीरशास्त्र शिकवून टाकायचं. आठवड्याला एक संस्था. हाडं, स्नायू, रुधिराभिसरण, श्वसन, मज्जा, आणि शेवटी पचन. दोन: स्वतःचं शरीर ताळ्यावर आणायचं. चहा बंद, घास बत्तीस वेळा चावणे, भैरोबाच्या टेकडीवर रोज फेरी. तीन: सांगलीला बदली.

तिसरं पहिल्यावर अवलंबून आहे. चैत्रात डिप्टीसाहेब इन्स्पेक्शनला येणार. माझा शरीरशास्त्राचा लेसन पाहणार, थक्क होणार, आणि असा माणूस खेड्यात कुजतोय हे त्यांच्या लक्षात येणार. मग सांगली. मग शरयू.

शरयू दिवाळीपासून माहेरी आहे, सांगलीला. हिंगणवाडीचं पाणी तिला पचत नाही. जाताना तिनं आणखीही कारणं सांगितली, बरीच सांगितली, पण मूळ पाण्यातच. निघताना म्हणाली, सांगलीला बदली करून घ्या, मग बघू. 'मग बघू' म्हणजे होकारच. बायका स्पष्ट बोलत नाहीत.

मधुकर, म्हणजे मेहुणा, म्हणतो की बदलीचा अर्ज मार्चअखेरपर्यंत शाळा-बोर्डाला धाडला पाहिजे. आजच लिहिणार होतो. टाक खरखरतो. उद्या.

१३ फेब्रुवारी

शाळेतला मानवी देहाचा तक्ता कपाटातून काढला. डोकं शाबूत, पाय शाबूत. मधला माणूस उंदरांनी खाल्ला. जठर, यकृत, आतडी, काही म्हणून ठेवलेलं नाही. डोक्याखाली एकदम गुडघे.

नवीन तक्त्याबद्दल बोर्डाला मागं लिहिलं होतं. उत्तर आलं की लढाईमुळे कागदाची टंचाई आहे. हिटलर कुठं, माझं जठर कुठं.

हाडांचा पाठ तक्त्यावाचून घेतला. सगळ्यांना सदरे वर करायला लावून आपापल्या बरगड्या मोजायला सांगितल्या. हाडं शरीराला आधार देतात, आतल्या नाजूक भागांना जपतात, आणि सांधे असल्यामुळे वाकता येतं. मुलांनी माझ्या बरगड्या मोजायला मागितल्या. सापडल्या नाहीत. शिक्षकाची प्रकृती भरदार असावी.

१४ फेब्रुवारी

चहा बंद. सकाळी डोकं चढलं. दुपारी वर्गावर विनाकारण ओरडलो. संध्याकाळी अर्धा कप घेतला. अर्धा म्हणजे बंदच.

घास चावण्याचं सुरू केलं. पिठलं बत्तीस वेळा चावता येत नाही. चावण्यासारखं त्यात काही नसतंच. भाकरी चावली तर जबडा दुखतो. लाळेनं पिष्टमय पदार्थाची साखर होते म्हणतात. माझ्या भाकरीची काही झाली नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

स्नायू. स्नायू दोन प्रकारचे. ऐच्छिक, म्हणजे आपण म्हणू तसे हलणारे, हातापायाचे. अनैच्छिक, म्हणजे आपल्याला न विचारता चालणारे, जठराचे, आतड्यांचे. हृदयाचा स्नायू आणखी निराळा, तो जन्मभर थांबत नाही. मुलांना तालमीत नेलं आणि दंडाचा स्नायू आखडतो कसा, हे दाखवायला तिथला गोटा उचलला. म्हणजे उचलायला वाकलो.

पाठीचे सगळे स्नायू एका क्षणात अनैच्छिक झाले.

मुलांनी घरी पोचवलं. राहीबाई, दूध घालणाऱ्या शेजारच्या बाई, मिठाची पुरचुंडी तापवून शेकून गेल्या. शेकता शेकता विचारलं की बाई कधी येणार. बदली झाली की मीच जाणार, असं सांगितलं. त्यांनी पुरचुंडी जरा जोरातच दाबली असं वाटलं.

अर्ज पालथं पडून लिहिता येत नाही.

२७ फेब्रुवारी

रुधिराभिसरण. हृदय मुठीएवढं, छातीत किंचित डावीकडे. चार कप्पे. अशुद्ध रक्त उजवीकडे येतं, फुफ्फुसात जाऊन प्राणवायू घेतं, शुद्ध होऊन डावीकडे येतं, तिथून सगळ्या अंगभर. एकमेकांच्या नाड्या पाहायला लावल्या. वर्गात शांतता. एवढी शांतता मी छडीनंही आणू शकलो नव्हतो.

माझी नाडी मला सापडली नाही. मनगट जाड आहे.

मधुकरचं कार्ड. शरयू तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवायला जाऊ लागली. तात्पुरतं असणार. मन रमवायला काहीतरी हवं ना. मी जवळ नाही म्हटल्यावर तिचा वेळ कसा जाणार.

६ मार्च, गुरुवार

श्वसन शिकवायचं म्हणून भैरोबाच्या टेकडीवर गेलो. आधी स्वतः दीर्घ श्वास घेऊन पाहावा. नाकातून हवा, घशातून श्वासनलिका, तिला दोन फाटे, त्यांना आणखी फाटे, शेवटी बारीक बारीक पिशव्या, तिथं रक्त आणि हवा यांची देवघेव. हे सगळं मनात म्हणत चढलो. अर्ध्यावर देवघेव थांबली.

खाली येताना सयाजी पाटील भेटले. गावचे पाटील, भला माणूस. म्हणाले, मास्तर, कुणी पाठीमागं लागलं होतं का. प्राणायाम चालू आहे, म्हणालो.

११ मार्च

मेंदू आणि मज्जातंतू. हे फार छान जमलं. मेंदू म्हणजे साताऱ्याची कचेरी. तिथून हुकूम सुटतो, मज्जातंतूंच्या तारांवरून गावोगाव पोचतो. आणि गावचं गाऱ्हाणं तसंच उलट कचेरीला पोचतं. विस्तवाला हात लागला की बोट कचेरीला कळवतं, कचेरी हाताला हुकूम करते की मागे हो. मागल्या बाकावरून प्रश्न आला की त्याला किती दिवस लागतात. क्षणात होतं, म्हणालो. कुणाला खरं वाटलं नाही.

उत्सर्जनही उरकलं. मूत्रपिंडं दोन, रक्त गाळतात. वर्ग हसत सुटला म्हणून आटोपतं घेतलं. एक संस्था गाळली आहे. पुस्तकातली तेवढी पानं टाचणीनं जोडून ठेवली आहेत. आज पाहिलं तर टाचणी वाकडी.

१५ मार्च, शनिवार

आता फक्त पचनसंस्था राहिली, आणि तीच डिप्टीसाहेबांपुढे घ्यायची आहे. तक्ता नाही. खडूनं फळ्यावर आतडं काढून पाहिलं, जिलबी झाली.

मग एकदम सुचलं. चैत्रात भैरोबाची जत्रा. रविवारी पालखी, सोमवारी शंकराचा वार म्हणून कुणी खात नाही, आणि मंगळवारी खारा निवद, म्हणजे मटणाचा. गावभर बकरी पडतात. डिप्टीसाहेबांची इन्स्पेक्शनही, योगायोगानं, त्याच मंगळवारी. गेल्या वर्षीही त्यांचा योगायोग असाच जुळला होता.

एका बकऱ्याचा आतला सगळा सरंजाम परातीत मांडायचा. हृदय, फुफ्फुसं, यकृत, जठर, आतडी, मूत्रपिंडं. प्रत्यक्ष पुरावा. असा लेसन अख्ख्या जिल्ह्यात कुणी दिला नसेल. बकऱ्याचं जठर चार कप्प्यांचं असतं, माणसाचं एकाच कप्प्याचं. तीन कप्पे वजा करून सांगता येईल.

अडचण एवढीच की आमच्या सात पिढ्यांत कुणी कांद्याच्या पुढं गेलं नाही. पण विज्ञानाला सोवळं नसतं. मी फक्त छडीनं दाखवणार. आई असती तर काय म्हणाली असती याचा विचार करायचा नाही.

१८ मार्च

सराव म्हणून दस्तगीर मुलाण्याकडे गेलो. गावातली सगळी बकरी तोच कापतो, पिढीजात मान. त्याला म्हटलं, मला फक्त पाहायचंय. त्यानं घोंगडी टाकून बसवलं.

जाग आली तेव्हा तोंडावर पाणी मारणं चाललं होतं. ऊन फार. मार्चमध्येच असं, तर पुढं काय.

२० मार्च, गुरुवार

सयाजी पाटलांशी बोलणं झालं. व्यवस्थित समजावून सांगितलं. म्हटलं, मंगळवारी डिप्टीसाहेब येणार, त्यांच्यासाठी मला एका बकऱ्याचं आतलं सगळं पाहिजे, ताजं, स्वच्छ धुतलेलं, एकही भाग कमी नको, पितळी परातीत, शाळेत. पाटील डोळे मिटून ऐकत होते. विज्ञानाबद्दल इतकी उत्सुकता खेड्यात असेल असं वाटलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं की साहेबांबरोबर माणसं किती. पट्टेवाला आणि कारकून, म्हणालो. एकाचं पुरेल का, म्हणाले. मी म्हटलं, भरपूर होईल, जास्त झालं तर गोंधळ होतो.

'सायबासाठी हाय न्हवं, मग तुमी बिनघोर ऱ्हावा,' पाटील म्हणाले.

तरी एक अडचण त्यांनी सांगितली. बकऱ्यातलं काही कुणा एकाचं नसतं. मुंडी पाटलाची. काळीज मुलाण्याचं. वजडी, म्हणजे जठर-आतडी, ती हलगी वाजवणाऱ्यांची. फुफ्फुसं आणखी कुणाची, गुरदे आणखी कुणाचे. प्रत्येकाचा मान ठरलेला, आज्यापंज्यापासून. कुणाचा वाटा चुकला तर वर्षभर धुसफूस. शरीराची रचना या लोकांना पाठच आहे, फक्त घराण्यांप्रमाणे.

पाटील म्हणाले, बघतो मी, समजावतो सगळ्यांना.

अर्जाचा मसुदा मनात तयार आहे.

२६ मार्च

चावडीवर बैठक झाली म्हणे, माझ्या बकऱ्यावरून. हलगीवाले अडून बसले होते. बापजाद्यांचा मान असा सोडायचा कसा. पाटील म्हणाले, मास्तरानं आजवर गावाकडं काही मागितलेलं नाही, पहिल्यांदा मागतोय. मग सोडला. दस्तगीर काळजाचा हट्ट सोडेना, शेवटी तोही माझ्याखातर तयार झाला.

ऐकून बरं वाटलं. बरंच बरं वाटलं. ही माणसं वाईट नाहीत. यांना सोडून जायचं म्हणजे यांना जड जाणार.

राहीबाईंनी विचारलं की कांदा-खोबरं शाळेकडून मिळणार का त्यांनीच आणायचं. बाईमाणसाचा काहीतरी गोंधळ. आणा, म्हटलं.

३१ मार्च, सोमवार

अर्जाचा शेवटचा दिवस. सकाळी बसलो. 'सेवेशी सविनय सादर' इथपर्यंत सुंदर उतरलं. मग वाटलं, हा सविनय कशाला. मागून मिळालेली बदली ती काय बदली. डिप्टीसाहेब लेसन पाहतील आणि स्वतःहून म्हणतील, मोने मास्तर, तुमची जागा इथं नाही. त्यात जी शोभा आहे ती अर्जात नाही. शिवाय टपाल दुपारीच निघून गेलं.

शरयूला कळवायची गरज नाही. तिला रीतीभातीच्या गोष्टी कळत नाहीत.

टाक पुसून ठेवला.

२० एप्रिल, रविवार

पालखी. हलग्यांनी कान बधिर. टेकडीची फेरी, चहा, चावणं, सगळं जत्रेनंतर नव्यानं. लेसनची तालीम आरशापुढं केली. 'मुखातून अन्न अन्ननलिकेवाटे जठरात उतरते. जठरात त्याचे लापशीसारखे मिश्रण होते. लहान आतड्यात पित्त व स्वादुपिंडाचा रस मिळून त्याचे सत्त्व रक्तात शोषले जाते.' आवाज भरदार लागला.

२२ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळ

सविस्तर लिहितो.

डिप्टीसाहेब टांग्यानं दहाला आले. पट्टेवाला, कारकून. माणूस शांत, मिशा भरघोस. सगळी शाळा सडा घातलेली, मुलं डोक्याला तेल लावून. हाडांपासून सुरुवात केली. मुलांनी धडाधड सांगितलं. स्नायू, नाडी, श्वास, सगळं छान. साहेब मान डोलवत होते. आता पचनसंस्था. मी दाराकडे पाहिलं. परात नाही.

थोडा वेळ मेंदूवर काढला. साताऱ्याची कचेरी पुन्हा सांगितली. परात नाही. मग श्वसन दुसऱ्यांदा घेतलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. तेवढ्यात शाळेच्या मागून वास आला. कांदा, खोबरं, लसूण, गरम मसाला. साहेबांच्या श्वसनाची गती माझ्या देखत वाढली.

वर्गनायकाला परातीकरता पिटाळलं. तो परत येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, मास्तर, शिजत आलंय.

सगळं एकदम लक्षात आलं. सायबासाठी पाहिजे. ताजं, धुतलेलं, काही कमी नको. माणसं किती, पुरेल का. कांदा-खोबरं. ज्या गावात साहेब आला की बकरं पडतं, त्या गावात मास्तर साहेबासाठी काळीज मागतो, तर ते आणखी कशाला मागेल. माझंच पाठांतर कच्चं. इथं बारा वर्षं राहून.

जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण साहेब उठले आणि म्हणाले, पोटाचा पाठ आता पोटातच पाहू.

वडाच्या पारावर पंगत. मला वेगळं केळ आणि दूध. परात आली. पितळीच होती, माझं तेवढं मात्र ऐकलं होतं. रश्शात सगळी संस्था. सयाजी पाटील माझ्याकडे बघून हसले, झालं ना मनासारखं, अशा चेहऱ्यानं. साहेब खुशीत आले. एक तुकडा उचलून मुलांना विचारलं, हे काय. सगळा वर्ग पाराभोवती उभा. एका सुरात उत्तर: यकृत. काम काय. पित्त तयार करणे, साखर साठवणे. साहेबांनी खाल्लं. हे. मूत्रपिंड, रक्त गाळते. खाल्लं. हे. जठर. किती कप्पे. मुलं म्हणाली, बकऱ्याला चार, माणसाला एक. साहेब म्हणाले, आज मला चार हवे होते.

साहेबांचं जेवण होईपर्यंत सबंध पचनसंस्था झाली. एकही उत्तर चुकलं नाही. जिथं मुलं अडली तिथं हलगीवाल्यांनी सांगितलं.

निघताना साहेबांनी शाळेच्या बुकात इंग्रजीत मोठा रिमार्क लिहिला. गावाचा शिक्षणात असा सहभाग आपण पाहिला नाही, असा काहीसा. पाठीवर हात ठेवला. मी कुठून शब्द आणले कोण जाणे, पण म्हणालो, माझं कुटुंब सांगलीला असतं. ते म्हणाले, वा, सांगली छान.

म्हणजे त्यांना कळलं.

२४ एप्रिल

जिंकलो. आता लपवण्यात अर्थ नाही. शरयूला लिहिलं, जून महिन्यात मी तिथं, तयारीला लाग. अख्ख्या जिल्ह्यात असा लेसन झाला नाही. चहा दोन वेळा घेतला. आजचा दिवस संकल्पातून सोडून.

४ मे, रविवार. सांगली

सुट्टीत आलो. सासऱ्यांकडे उतरलो. मधुकर स्टेशनवर आला होता. शरयू जरा बारीक झाली आहे, पण चेहऱ्यावर रक्ताभिसरण चांगलं. मला पाहून हसली. मी तयारी केली होती की ती रुसलेली असेल, तक्रारी ऐकाव्या लागतील. काही नाही. छत्री घेतली आणि म्हणाली, चला, दाखवायचंय काहीतरी.

गावभागात दोन खोल्या पाहून ठेवल्या आहेत तिनं. स्वतःच्या पगारातून महिन्याचं भाडंही देऊन टाकलंय. बाहेरच्या खोलीत खिडकी, खिडकीशी जागा मोकळी ठेवलेली. इथं तुमचं टेबल, म्हणाली. आतल्या खोलीत चूल, आडाचं पाणी गोड. मी भिंतीला हात लावत उभा राहिलो. माझ्या टेबलाचा विचार एवढ्या वर्षांत कुणी केला नव्हता.

मग तिनं विचारलं की अर्ज वेळेत गेला ना. मी म्हटलं, सगळं झालंय. तसं पाहिलं तर झालंच आहे. साहेबांच्या रिमार्कपुढं अर्ज काय.

ती खूश झाली. संध्याकाळी भरली वांगी केली. मी चावून खाल्ली. तिनं विचारलं, इतकं का चावताय, चांगली नाहीत का.

९ मे

सांगलीतच. रोज दोघं त्या खोल्यांवर जातो. तिनं जमीन सारवली. मी खुंट्या ठोकल्या. एक वाकडी गेली, ती तशीच राहू दे म्हणाली.

फार दिवसांनी मला कुठंच काही दुखत नाही.

३० मे, शुक्रवार. हिंगणवाडी

दुपारी हुकूम आला. टपालवाल्याच्या हातातून ओढूनच घेतला.

'गावकऱ्यांचा विनंतीअर्ज आणि डिप्टी इन्स्पेक्टरांची जोरदार शिफारस ध्यानात घेऊन श्री. मोने यांस हिंगणवाडी येथे हेडमास्तर नेमण्यात येत आहे. पाच वर्षेपर्यंत बदली होणार नाही.'

तीनदा वाचला. खालच्या ओळीत आणखी होतं: बोर्डात सांगलीसाठी ज्यांचे अर्ज होते त्यांतून एकाला सांगली मिळाली.

संध्याकाळी हलग्या. सयाजी पाटील, दस्तगीर, राहीबाई, अर्धं गाव दारात. हार, गुलाल, पेढे. पाटलांनी मला मिठी मारली. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

'मास्तर, आता तुमाला हितनं कुनी हलवत न्हाई. अख्ख्या गावानं अंगठं उठवल्यात.'

जत्रेच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी अर्ज केला होता. राहीबाईंनी गावात सांगितलं होतं की मास्तर सांगलीला चालले. साहेबांनाही वाटलं की ज्याच्या शब्दाखातर गाव आपापले मान सोडतं, त्या माणसाला उचलून कुठं नेता. बरोबरच आहे. मीही हेच केलं असतं.

हार गळ्यात घालून मी हसत उभा होतो. काय बोललो आठवत नाही. आभार मानले असावेत.

१ जून, रविवार. सांगली, स्टेशन

सकाळच्या गाडीनं आलो, आता परतीच्या गाडीची वाट पाहतोय. मधुकर सोडायला आला नाही.

खोल्यांवरच गेलो होतो. शरयू खिडकीशी उभी होती. हुकूम तिच्या हातात दिला. तिनं वाचला, घडी घातली, परत दिला. मी सांगू लागलो. गावाचं प्रेम, साहेबांचा गैरसमज, पाच वर्षं म्हणजे काही फार नाही, हेडमास्तरला पगार वाढतो, हिंगणवाडीच्या विहिरीचा गाळ काढणार आहेत. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं की बोर्डानं माझ्या अर्जाचं काय केलं.

मी म्हटलं, टाक खरखरत होता. टपाल लवकर निघालं. मागून घेणं मला पटत नाही.

ती रागावली नाही. रागावली असती तर समजूत काढायला जागा होती.

'सगळ्या गावानं अंगठे उठवून तुम्हाला ठेवून घेतलं,' म्हणाली. 'आणि मी तुम्हाला हवी होते, तर तुमच्याच्यानं एक सही झाली नाही.'

मग तिनं मला चहा दिला. एकटीला दोन खोल्या कशाला, म्हणून बाहेरची सोडणार म्हणाली. मालकाला कालच सांगितलंय, आतली पुरते. म्हणजे मधुकरनं बोर्डात चौकशी केली असणार, बातमी तिला आधीच कळली होती, आणि तरी ती मी काय सांगतो हे ऐकत उभी राहिली होती.

९ जून, सोमवार. हिंगणवाडी

शाळा सुरू. नवा वर्ग. हेडमास्तरच्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे. नवा तक्ता आला, बोर्डाकडून, खास शिफारशीनं. सबंध माणूस, सगळ्या संस्था रंगीत.

राहीबाईंनी विचारलं, बाई कधी येणार. दिवाळीत, म्हणालो.

सकाळपासून छातीत जड आहे. एकेक करून सगळ्या संस्था तपासल्या. काल हलकं जेवलो, म्हणजे पोट नाही. टेकडी चढलो नाही, म्हणजे श्वास नाही. पाठ ठीक. नाडी पाहिली, आज पहिल्यांदाच सापडली, चांगली चालते आहे. कशातही बिघाड नाही.

मला माझी बायको हवी होती. एवढंच लिहायचं होतं मार्चमध्ये, जरा सविनय.

घंटा झाली. वर्गावर जातो.